डावखुरेपण रक्तातून येतं का? देवगडच्या एका आईला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. थोरली मुलगी सहा वर्षांची, डाव्या हातानेच लिहिते आणि जेवते. सासरेही डावखुरे. गेल्या वर्षी त्यांचं उजवं अंग लुळं पडलं, पण बोलणं शाबूत राहिलं, म्हणून "ह्यांच्या घराण्याचा मेंदूच उलटा" असं कोणीतरी सांगितलं. शाळेत भरलेल्या एका शिबिरात बोटांचे ठसे घेऊन मुलगी 'राइट ब्रेन'ची असल्याचा छापील अहवाल दिला गेला. सासूबाई म्हणतात, "डाव्या हातान जेवचा नाय, आत्ताच वळण लाव." आणि आठ महिन्यांचा धाकटाही खेळणं नेहमी डाव्या हातानेच घेतो. हे सगळं आनुवंशिक आहे का, आणि आता काय करायचं?

ताई, धाकट्यापासून सुरुवात करतो. तुमच्या पत्रात त्याची ओळ शेवटी, जाता जाता आली आहे, पण मेंदूचे रुग्ण तपासणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. आठ महिन्यांच्या बाळाला आवडता हात नसावा. या वयात मूल कधी या हाताने, कधी त्या हाताने वस्तू ओढतं, एका हातातली दुसऱ्या हातात घेतं. एका हाताकडे कल दिसायला साधारण दीड-दोन वर्षं लागतात आणि तो पक्का व्हायला आणखी दोन-तीन. वर्षाच्या आतच मूल ठामपणे एकच हात पुढे करत असेल, तर दुसऱ्या हाताकडे बघायचं असतं. तो कमजोर तर नाही?

घरी एवढं बघा. खेळणं अगदी त्याच्या उजव्या हाताशी ठेवा. तरीही तो अंग वळवून डावा हातच आणतो का? उजवी मूठ सतत मिटलेली आणि अंगठा आत दुमडलेला असतो का? उताणा असताना दोन्ही पाय सारखे झाडतो का? सरकताना उजवं अंग मागे राहतं का? दिसो वा न दिसो, बालरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा. उजवा हात खरोखर मागे पडत असेल तर जन्माच्या आसपास मेंदूच्या डाव्या बाजूला झालेली इजा किंवा बाळंतपणात मानेजवळच्या नसा ताणल्या जाणं, ही दोन कारणं आधी पाहिली जातात. लवकर कळलं तर फिजिओथेरपीने खूप फरक पडतो. चांगल्या हातावर दिवसातला काही वेळ मोजा चढवून कमजोर हाताला कामाला लावण्याची पद्धतही वापरली जाते. कोकणात मुलाच्या डाव्या हाताचं खापर लगेच सासरच्या नाहीतर माहेरच्या कुणा पूर्वजावर फोडलं जातं, आणि त्या समजुतीत तपासणी लांबते. याची मला खरी काळजी वाटते.

आता आनुवंशिकतेकडे येऊ.

मेंदूचे दोन अर्धे आरशातल्या प्रतिमेसारखे नसतात. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका यांनी 'टॅन' एवढा एकच उच्चार करू शकणाऱ्या एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. इजा डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात होती. असे आणखी रुग्ण पाहिल्यावर १८६५ मध्ये त्यांनी लिहिलं, की आपण डाव्या अर्ध्या मेंदूने बोलतो. पुढे १९६८ मध्ये नॉर्मन गेश्विंड आणि वॉल्टर लेवित्स्की यांनी शंभर मेंदू घेऊन कानामागचा, ऐकलेल्या भाषेशी निगडित असा एक पट्टा मोजला. ६५ मेंदूंत तो डावीकडे मोठा होता, ११ मध्ये उजवीकडे, बाकीच्यांत साधारण सारखा. शिवाय संपूर्ण मेंदूलाच किंचित पीळ असतो. उजवी बाजू पुढे थोडी जास्त आलेली आणि डावी बाजू मागे.

उजव्या बाजूला कामं कमी नाहीत. आवाजातला चढउतार, चेहरे ओळखणं, आपल्याभोवतीच्या जागेचं भान यांत तिचा वाटा मोठा असतो. उजवा मेंदू दुखावलेल्या रुग्णाला जेवायला वाढलं की पुष्कळदा तो भात आणि भाजी संपवतो, पण ताटाच्या डाव्या बाजूची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड जशीच्या तशी राहते. नजर अधू नसते. जगाची डावी बाजूच त्याच्या लक्षात येत नाही. घरच्यांना वाटतं, चव गेली. ताट अर्धं फिरवून ठेवलं की चटणी संपते.

हे डावं-उजवं किती लवकर ठरतं, ते पाहिलं तर वळणाच्या गोष्टी आपोआप मागे पडतात. भाषेच्या त्या पट्ट्यातला फरक गर्भाच्या ३१ व्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतो. पंधरा आठवड्यांच्या गर्भांच्या सोनोग्राफीत बहुतेकांच्या तोंडात उजवा अंगठा दिसतो, आणि दहाव्या आठवड्यातही हालचाल उजव्या हाताची जास्त असते. त्या वेळी मेंदूच्या वरच्या थराची मज्जारज्जूशी जोडणी झालेलीच नसते. म्हणून २०१७ मध्ये काही संशोधकांनी आठव्या आठवड्याच्या आसपास मज्जारज्जूत डोकावून पाहिलं, तर तिथेच काही जनुकं डावीकडे आणि उजवीकडे कमी-अधिक प्रमाणात चालू होती. आईला पोट दिसायच्या आधीची ही गोष्ट आहे.

मग जनुकं नेमकं काय ठरवतात? इथे तुमच्या घरच्या बाजारातलं उदाहरण देतो. लेप ही चपटी मासळी तुम्ही कितीतरी वेळा साफ केली असेल. तिचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू डावीच. पिल्लू असताना डोळे दोन्हीकडे एकेक असतात, मग एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला येतो. भाकसही चपटाच मासा. त्याचाही एक डोळा सरकतो, पण काही भाकसांत डोळे डावीकडे येतात, काहींत उजवीकडे, जवळजवळ निम्मे-निम्मे. म्हणजे 'एक बाजू वेगळी असावी' हे दोघांच्याही घडणीत पक्कं आहे. 'कोणती बाजू' हे लेपीत पक्कं आहे, भाकसात मोकळं सोडलेलं आहे. हे दोन प्रश्न मनात वेगळे ठेवले की माणसाचा हात समजायला सोपा जातो.

बहुतेक माणसं या बाबतीत लेपीसारखी. जगभरातल्या वीस लाखांहून अधिक लोकांची आकडेवारी एकत्र केल्यावर डावखुऱ्यांचं प्रमाण १०.६ टक्के निघालं. जिथे डाव्या हाताने जेवणं-लिहिणं वाईट मानतात तिथे नोंद कमी होते, कारण मुलांचे हात बदललेले असतात. कुटुंबांचा अभ्यास असं सांगतो: आईवडील दोघेही उजवे असतील तर साधारण साडेनऊ टक्के मुलं डावखुरी, दोघांतलं एक डावखुरं असेल तर साडेएकोणीस टक्के, दोघंही असतील तर सव्वीस टक्के. हा शेवटचा आकडा नीट बघा. दोन्ही पालक डावखुरे असले तरी चारातली जवळजवळ तीन मुलं उजवीच निघतात. आणि दोघंही उजवे असलेल्या घरातही दहातलं जवळजवळ एक डावखुरं असतं. म्हणून तुमच्या मुलीने आजोबांचा हात उचलला असं खात्रीने म्हणता येत नाही. थोडा वाटा तिकडून आला असेल, एवढंच.

जुळ्यांचा पुरावा याहून बोलका आहे. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत तीच, तरीही दर चार-पाच जोड्यांमागे एका जोडीत एक उजवा आणि एक डावखुरा असतो. जुळ्यांच्या मोठ्या अभ्यासांतून हात कोणता यातल्या फरकांपैकी सुमारे पाव हिस्सा आनुवंशिक धरला जातो. उरलेल्या तीन-चतुर्थांशाचं काय? जन्माचं वजन, जुळेपण, जन्माचा महिना असे घटक मोठ्या प्रमाणावर तपासले गेले. त्यांचा परिणाम सापडतो, पण इतका बारीक की त्यावरून एखाद्या मुलाबद्दल काहीच सांगता येत नाही. संशोधकांचा कल आता असा आहे, की यातला बराचसा भाग निव्वळ योगायोगाचा आहे. गर्भात पेशी वाढताना रेणूंच्या पातळीवर होणारे चढउतार कोणाच्या हातात नसतात, आईच्या तर नाहीतच. डोहाळे, ग्रहण, गरोदरपणी झोपायची कूस, असं काही मनात असेल तर ते काढून टाका.

या योगायोगाची कल्पना जुनी आहे. १९७२ मध्ये मॅरियन ॲनेट आणि १९८५ मध्ये ख्रिस मॅकमॅनस यांनी एकाच जनुकावर आधारलेली स्पष्टीकरणं मांडली होती. त्या जनुकाचं एक रूप माणसाला उजवीकडे ढकलतं, दुसरं कोणतीच बाजू सांगत नाही आणि मग हात नशिबावर पडतो, भाकसासारखा. घराण्यांच्या आकड्यांशी ही मांडणी छान जुळत होती. पण संपूर्ण जनुकसंच तपासायची सोय झाल्यावर तो एकटा जनुक कुठेच सापडला नाही. काही गोगलगाईंमध्ये शंखाचा वेढा डावा की उजवा हे खरोखर एक जनुक ठरवतो. माणसाच्या हाताचं तसं नाही. २०२१ मध्ये साडेसतरा लाखांवर लोकांची माहिती चाळली तेव्हा डावखुरेपणाशी जोडलेल्या जनुकसंचातल्या ४१ जागा मिळाल्या. प्रत्येकीचा परिणाम इवलासा. सारख्याच सहजतेने दोन्ही हात वापरणाऱ्यांच्या सात जागा वेगळ्याच निघाल्या आणि दोन्ही गटांचं आनुवंशिक नातं फारसं घट्ट नव्हतं. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करायचा आणि लिहितो डाव्याने, गांगुलीचं बरोबर उलट, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. 'डावखुरा' या एका शब्दाखाली बरीच वेगवेगळी माणसं येतात.

मला या सगळ्या शोधात सर्वांत सुंदर वाटते ती एक गोष्ट. सापडलेल्या जागांपैकी पुष्कळ जनुकं पेशीच्या आतल्या सूक्ष्मनलिकांशी संबंधित आहेत. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या या नळ्या पेशीला आकार देतात, तिच्या आतली वाहतूक सांभाळतात, आणि वाढणाऱ्या चेतापेशीचा तंतू कुठे पोचणार यात त्यांचा हात असतो. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या ३२,२५६ लोकांच्या एमआरआयवरून मेंदूच्या आकारातल्या डाव्या-उजव्या फरकाशी जोडलेले २७ जनुकीय बदल सापडले, आणि तिथेही पुन्हा सूक्ष्मनलिकाच. २०२४ मध्ये टीयूबीबी४बी या ट्युब्युलिनच्या जनुकातले दुर्मीळ बदल डावखुऱ्यांमध्ये २.७ पट अधिक आढळले. मात्र असे बदल फार थोड्या लोकांत असतात. दुर्मीळ बदलांचा एकूण वाटा एका टक्क्याहून कमी निघाला. त्यामुळे 'डावखुरेपणाचा जनुक सापडला' अशी बातमी कुठे वाचलीत तर ती या आकड्यासोबत वाचा. आणखी एक लक्षात घ्यायचं: हे बहुतेक अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहेत. ते नकाशे आपल्या घराण्यांवर जसेच्या तसे ठेवता येत नाहीत.

हृदय उजवीकडे असलेली माणसं असतात, साधारण दहा हजारांत एक. गर्भाच्या अगदी सुरुवातीला बारीक केसांसारख्या पेशींच्या शेपट्या फिरून द्रव डावीकडे ढकलतात आणि त्यावरून अवयवांची बाजू ठरते; ती यंत्रणा बिघडली की पोटातलं सगळं उलटं होऊ शकतं. पण अशा बहुतेक माणसांचा हात उजवाच असतो. पोटाचं डावं-उजवं आणि मेंदूचं डावं-उजवं एकाच दोरीने बांधलेलं नाही.

सासऱ्यांच्या आजाराबद्दल. उजवं अंग गेलं म्हणजे डाव्या मेंदूला धक्का बसला, हे बरोबर. बोलणं राहिलं म्हणजे त्यांची भाषा उजवीकडे आहे, हा निष्कर्ष मात्र घाईचा आहे. उजव्या हाताच्या माणसांपैकी सुमारे ९५ टक्क्यांची भाषा डाव्या मेंदूत असते. डावखुऱ्यांपैकीही सत्तर टक्क्यांच्या आसपास लोकांची ती डावीकडेच असते. उरलेल्यांत काहींची उजवीकडे, काहींची दोन्हीकडे वाटलेली. म्हणजे डावखुऱ्याचा मेंदू उलटा नसतो, त्यात विविधता जास्त असते. आणि बोलणं वाचण्याचं याहून साधं कारण पुष्कळदा वेगळंच असतं. मेंदूच्या खोल भागातली एखादी बारीक रक्तवाहिनी बंद पडली तर हातपायाकडे जाणारे तंतू तुटतात आणि वरच्या थरातली भाषेची केंद्रं सुखरूप राहतात. उजव्या हाताच्या रुग्णांतही हे रोज पाहायला मिळतं. त्यांचा सीटी किंवा एमआरआयचा कागद घरात असेल, त्यात इजा खोलवर आहे की वरच्या थरात, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. ते डावखुरे आहेत हेही प्रत्येक डॉक्टरला आवर्जून सांगा. पुन्हा कधी तोंड वाकडं झालं, हात पडला, जीभ जड झाली, तर 'बघूया सकाळपर्यंत' नको. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आपल्याकडे घाट आणि रस्ते त्यातला बराच वेळ खातात. सीटी स्कॅनची सोय असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच शोधून ठेवा. घराण्याची चिंता करायचीच तर हाताची नको, रक्तदाब आणि साखरेची करा. तुमच्या यजमानांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला?

आता तो ठशांचा अहवाल. डीएमआयटी नावाने या चाचण्या शाळाशाळांतून विकल्या जातात आणि पालक त्यासाठी कष्टाचे पैसे मोजतात. बोटांच्या रेषा गर्भातच पक्क्या होतात, हे खरं. त्यांवरून मेंदूची कोणती बाजू 'वरचढ' आहे हे कळतं, याला कसलाही आधार नाही. मुळात अमुक माणूस 'राइट ब्रेन'चा आणि तमुक 'लेफ्ट ब्रेन'चा हीच समजूत चुकीची आहे. रॉजर स्पेरी यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं ते दोन्ही अर्ध्यांमधला पूल शस्त्रक्रियेने कापलेल्या रुग्णांवरच्या कामासाठी. त्यावरून बाजारात कलाकार आणि हिशेबी अशा दोन मेंदूंची कथा तयार झाली. तुमच्या मुलीचा तो पूल शाबूत आहे, आणि चित्र काढताना काय, बेरीज करताना काय, तिचे दोन्ही अर्धे एकत्रच कामाला लागतात. २०१३ मध्ये हजाराहून अधिक लोकांचे मेंदू स्कॅन करून पाहिले, कोणाचीही एकच बाजू एकंदरीत जोरात चाललेली दिसली नाही. तो अहवाल बाजूला ठेवा, आणि त्यात सुचवलेल्या कोणत्याही 'ॲक्टिव्हेशन' वर्गाला पैसे देऊ नका.

स्किझोफ्रेनिया आणि स्वमग्नता असलेल्या लोकांत डावखुऱ्यांचं प्रमाण थोडं जास्त आढळतं, आणि कोणीतरी तुम्हाला ते सांगून घाबरवेल म्हणून आधीच लिहितो. प्रचंड बहुसंख्य डावखुऱ्यांना यातलं काहीही होत नाही. हात बघून मुलाच्या मनाचं भविष्य सांगता येत नाही.

सासूबाईंच्या म्हणण्यावर मी जरा सविस्तर बोलतो, कारण त्यांचा हेतू वाईट नाही. त्यांच्या पिढीत डाव्या हाताने प्रसाद घेतला तर देवळात चारचौघांत बोलून घ्यावं लागायचं. नातीला तसं ऐकावं लागू नये, एवढंच त्यांना वाटतं. प्रसाद, तीर्थ, कुणाला काही देणं यांसाठी उजवा हात पुढे करायला मुलगी सहज शिकेल. त्यात बोटांचं बारीक कसब लागत नाही. जेवणाचं तिच्यावर सोडा. लिहिण्याचा हात मात्र बदलू नका. लहानपणी हात बदललेल्या प्रौढांचे मेंदू स्कॅनमध्ये पाहिले गेले आहेत. उजव्या हाताने वर्षानुवर्षं लिहूनही हालचालीचं नियोजन करणाऱ्या भागांत डावखुरेपणाची खूण कायम होती. हात बदलल्याने मेंदू बदलत नाही, पोरीला फक्त दुप्पट मेहनत पडते. हात बदलला की मूल तोतरं होतं असं पूर्वी म्हणत. त्याचा पुरावा कच्चा आहे, त्यामुळे त्या भीतीने सासूबाईंना गप्प करू नका. त्यांना दहा आठवड्यांच्या गर्भाची गोष्ट सांगा. नात त्यांच्या हातात यायच्या कितीतरी आधी हा कल सुरू झाला होता, हे त्यांना पटेल असं मला वाटतं.

शाळेसाठी काही सूचना. वही तिच्या समोर किंचित डावीकडे, आणि वरची कड उजवीकडे झुकलेली ठेवावी, म्हणजे मनगट वाकडं न करता लिहिता येतं. पेन्सिल टोकापासून जरा वर धरू द्या, लिहिलेलं दिसत राहतं. डाव्या हाताने पेन्सिल ओढण्याऐवजी ढकलावी लागते, म्हणून टोक मऊ हवं. काही डावखुरी मुलं शिरोरेघ उजवीकडून डावीकडे ओढतात; ओढू द्या, अक्षर वाचता आलं म्हणजे झालं, आणि बाईंनाही तसं सांगून ठेवा. डाव्या हाताची कात्री वेगळी मिळते, ती मागवा. साध्या कात्रीने तिला कागद कापता येत नसेल तर दोष पात्याच्या बाजूचा असतो. आणि बाकावर तिला डाव्या टोकाला बसवायला सांगा, नाहीतर तिचं आणि शेजारणीचं कोपर दिवसभर एकमेकांना लागत राहतं.